शीड : घडी व साठवण

वाऱ्याच्या जोरावर चालणाऱ्या नौकेचे शीड काम संपल्यावर आकसून बांधणे, खाली उतरविणे, त्याची घडी किंवा गुंडाळी करणे आणि पुन्हा लागेपर्यंत ते सुस्थितीत राखणे या क्रियांचा विचार येथे केला आहे. शीड वाऱ्याने फाटते, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती खोटी नाही; परंतु अनेक शिडांचे आयुष्य ऊन, मीठ, ओल व एकाच जागी पुनःपुन्हा पडलेली घडी यांमुळे, म्हणजे ती उभारलेली नसताना कमी होते. घडी घालणाऱ्यापुढे दोन उद्दिष्टे असतात. एक, कापडाला इजा होऊ नये. दुसरे, काळोखात व पावसात, हेलकावणाऱ्या नौकेवरसुद्धा तेच शीड न गुंतता चटकन उभारता यावे. ही उद्दिष्टे बऱ्याचदा परस्परविरोधी असतात. कापडाच्या दृष्टीने ते धुऊन, वाळवून कोरड्या खोलीत सैल गुंडाळून ठेवणे उत्तम. खलाशाच्या दृष्टीने ते डोलकाठीपाशी, हाताशी असणे उत्तम. निरनिराळ्या काळांतील व देशांतील पद्धती म्हणजे या दोहोंमध्ये साधलेली तडजोड होय.

पुढील वर्णनात त्रिकोणी शिडाच्या ज्या कडेवर वारा प्रथम येतो तिला पुढची कड, तिच्यासमोरील मोकळ्या कडेला मागची कड व खालच्या कडेला तळकड म्हटले आहे. सर्वांत वरचा कोपरा तो माथा. तळकडेच्या दोन टोकांना पुढचा व मागचा कोपरा असे संबोधले आहे.

नैसर्गिक तंतूंचा काळ : विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिडे अंबाडीसारख्या खरखरीत वाखाची, जवसाच्या तंतूंची (लिननची), कापसाची आणि उत्तर यूरोपात लोकरीचीही असत. हे सर्व तंतू ओलाव्याने कुजतात. त्यामुळे शीड कोरडे असल्याखेरीज बांधून ठेवू नये, हा नियम सर्वत्र पाळला जाई. पावसानंतर बंदरात उभ्या असलेल्या जहाजांची शिडे मुद्दाम सैल सोडून वाळवीत. वाळण्यापूर्वीच ती बांधण्याची वेळ आली, तर पुढच्या उघडिपीला ती पुन्हा सोडावी लागत.

शिडाला शस्त्रांच्या बरोबरीने जपण्याचे एक उदाहरण मध्ययुगीन नॉर्वेमध्ये आढळते. तेथे किनाऱ्यावरील प्रत्येक विभागाला राजासाठी युद्धनौका सज्ज ठेवावी लागे आणि तिचे शीड गावच्या चर्चमध्ये ठेवण्याची प्रथा होती. गावातील सर्वांत पक्के व कोरडे छप्पर बहुधा चर्चचेच असे, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रथेचा व्यावहारिक अर्थ उलगडतो. उत्तर नॉर्वेतील ट्रॉन्डेनेस येथील चर्चमध्ये मध्ययुगीन लोकरी शिडाचा एक तुकडा सापडला आहे.

स्वीडनची 'व्हासा' ही युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली. तिच्या दहा शिडांपैकी त्या वेळी चार उभारलेली होती. उरलेली सहा खालच्या मजल्यावरील शिडांच्या कोठीत ठेवलेली होती. नौका १९६१ मध्ये वर काढण्यात आली, तेव्हा उभारलेली शिडे नाहीशी झालेली होती. कोठीतील शिडांचे अवशेष मात्र तीन शतकांहून अधिक काळ टिकून राहिले होते. त्यांचे तंतू इतके दुर्बल झाले होते, की ती पाण्यात तरंगत ठेवून उलगडावी लागली आणि पुढे काचतंतूंच्या कापडाचा आधार देऊन जतन करण्यात आली. जगात आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या शिडांमध्ये त्यांची गणना होते. सतराव्या शतकातील शिडाचे कापड, शिवण व कडेचा दोर यांविषयीची बरीच माहिती अशा रीतीने वापरात नसलेल्या, बांधून ठेवलेल्या शिडांपासून मिळाली आहे.

कुजणे लांबविण्यासाठी शिडे रंगवीत किंवा कमावीत. इंग्लंडमधील टेम्स नदीवरील मालवाहू नौकांच्या शिडांचा तांबूस रंग लाल गेरू व माशाचे तेल यांच्या लेपामुळे येत असे. मासेमारी नौकांची शिडे ओकच्या सालीच्या काढ्यात भिजवीत. पुढे या कामासाठी भारत व ब्रह्मदेशातून जाणारा कात वापरला जाऊ लागला. खैराच्या लाकडापासून काढलेल्या कातातील टॅनिनामुळे कापसाच्या व वाखाच्या तंतूंवर बुरशीची वाढ मंदावते. कोकणात सुती जाळ्यांना ऐनाच्या सालीच्या काढ्याचे पूट देत असत, त्यामागील तत्त्व हेच आहे. तेलाचा लेप दिलेल्या कापडाबाबत एक वेगळा धोका असतो. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनाशी संयोग पावताना उष्णता बाहेर पडते. असे कापड पूर्ण वाळण्यापूर्वी ढीग करून ठेवल्यास ही उष्णता कोंडून ते आपोआप पेट घेऊ शकते. त्यामुळे लेप दिलेली शिडे मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळविणे हा केवळ नीटनेटकेपणाचा भाग नव्हता.

मोठ्या युद्धनौकांवर जादा शिडांसाठी स्वतंत्र कोठी असे. तेथे प्रत्येक गुंडाळीला शिडाचे नाव लिहिलेली लाकडी पट्टी बांधीत, कारण वादळात शीड फाटल्यावर अंधाऱ्या कोठीत नेमके हवे तेच शीड शोधणे हे तितकेच महत्त्वाचे असते. कोठीतील शिडांना अधूनमधून हवा देणे व ती उंदरांपासून जपणे हे शीडकाराचे नित्याचे काम होते.

चौकोनी शिडे : आडव्या काठ्यांना टांगलेली चौकोनी शिडे सहसा खाली उतरवीत नसत, ती त्याच काठ्यांवर आकसून बांधीत. प्रथम डेकवरून दोर ओढून शिडाचे खालचे कोपरे व तळकड वर काठीपर्यंत आणीत. नंतर खलाशी डोलकाठीवर चढून आडव्या काठीखाली लोंबणाऱ्या पायदोरावर उभे राहत, पोटाने काठीवर रेलत आणि फडफडणारे कापड मूठ-मूठ करून वर घेत. शेवटच्या पदराने आधी गोळा केलेले सर्व कापड लपेटून ती वळकटी काठीच्या माथ्यावर ठेवीत व बंदांनी बांधीत. बाहेरचा पदर गुळगुळीत व ताणलेला असला, तर पावसाचे पाणी निथळून जाते. तो सैल राहिल्यास खळग्यांत पाणी साचते आणि आतील कापड कुजू लागते. बंदरात घातलेल्या सुबक वळकटीचे कौतुक केवळ दिखाऊपणासाठी नसे.

हे काम अतिशय धोक्याचे होते. भिजलेले वा गोठलेले जाड कापड फळीसारखे ताठ होते; ते धरताना नखे उलत आणि हात सुटला तर खलाशी डेकवर किंवा समुद्रात पडे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश नौदलाच्या जहाजांमध्ये शिडे कमीत कमी वेळात बांधण्याच्या चढाओढी चालत व त्यांत माणसे दगावत. त्या शतकाच्या मध्यास वरचे मोठे शीड दोन लहान शिडांत विभागण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे एका वेळी कमी कापड आवरावे लागू लागले व कमी माणसांत काम होऊ लागले. मालवाहतुकीच्या अखेरच्या काळातील प्रचंड शिडाची जहाजे थोडक्या खलाशांवर चालू शकली, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. काठीवर चढून शिडे बांधण्याचे शिक्षण आजही प्रशिक्षण जहाजांवर दिले जाते. भारतीय नौदलाची, गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली 'तरंगिणी' (१९९७) व 'सुदर्शिनी' (२०१२) ही जहाजे त्यासाठीच आहेत.

तिरपी व पट्ट्यांची शिडे : अरबी समुद्रातील गलबते, पडाव, मचवे इत्यादींवर परबाण नावाच्या लांब तिरप्या काठीला शीड बांधलेले असते. वारा वाढला, की शीड आखूड करण्याऐवजी संपूर्ण परबाण खाली घेऊन त्यावर लहान शीड चढविण्याची रीत या सागरात रूढ होती. त्यामुळे मोठ्या गलबतांवर दोन-तीन मापांची शिडे बाळगीत. शीड परबाणाच्या लांबीत गोळा करून त्यास ठिकठिकाणी कमजोर सुंभाचे वेढे देत. परबाण वर चढल्यानंतर खालून शिडाचा दोर जोराने ओढला, की हे वेढे एकामागून एक तुटत व शीड एकदम वाऱ्यात उघडे. उंच चढून गाठी सोडण्याचे श्रम वाचत आणि परबाण जागेवर बसेपर्यंत शीड वाऱ्याने ओढले जात नसे. आधुनिक शर्यतीच्या नौकांवर मोठी हलकी शिडे उभारताना लोकरीच्या धाग्याचे किंवा रबराचे असेच तुटणारे वेढे देतात. दोन ठिकाणच्या खलाशांनी एकच युक्ती योजिली, याचे कारण अडचण एकच होती.

पश्चिम किनाऱ्यावरील शिडे प्रामुख्याने सुती कापडाची असत. 'डंगरी' या इंग्रजीत गेलेल्या शब्दाने ओळखले जाणारे जाडेभरडे सुती कापड शिडे व तंबू यांसाठी वापरले जाई. हे नाव मुंबईतील डोंगरी भागावरून पडले, असे मानतात. कोकणात पावसाळा सुरू होताच नौका किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारीत आणि शीड-दोर उतरवून कोरड्या जागी ठेवीत. नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा बाहेर निघत. यंत्रांचा प्रसार झाल्यावर मासेमारी व मालवाहतूक या दोन्हींतून शीड जवळजवळ हद्दपार झाले व त्याबरोबर ही निगाही मागे पडली.

घडीच्या दृष्टीने सर्वांत सुलभ शीड बहुधा चिनी जंक नौकेचे होय. त्यात तळापासून माथ्यापर्यंत बांबूच्या आडव्या पट्ट्या बसविलेल्या असतात. दोर सैल सोडताच शीड स्वतःच्या वजनाने खाली येते व प्रत्येक पट्टीपाशी दुमडत पंख्यासारखे मिटते. दोन्ही बाजूंस ताणलेले दोर ते इकडेतिकडे जाऊ देत नाहीत. घडी नेहमी पट्टीपाशीच पडत असल्यामुळे कापड जाडजूड किंवा ठिगळांचे असले तरी चालते. १९६० मध्ये झालेल्या अटलांटिक महासागर एकट्याने पार करण्याच्या पहिल्या शर्यतीत ब्रिटिश नाविक एच. जी. हॅस्लर यांनी 'जेस्टर' या छोट्या नौकेवर असेच शीड लावले होते. झडपेतून बाहेर न येता ते कमीजास्त करण्याची सोय त्यांनी केली होती. या शर्यतीत त्यांचा दुसरा क्रमांक आला. शीड आवरण्यासाठी डेकवर जावे न लागणे हा एकट्या नाविकाच्या दृष्टीने जिवाचा प्रश्न असतो.

कृत्रिम तंतू : १९५० नंतर पॉलिएस्टराच्या (टेरिलीन, डेक्रॉन) कापडाने कापसाची जागा घेतली. पॉलिएस्टर कुजत नाही. त्यामुळे ते ओले बांधून ठेवले तरी बिघडत नाही, असा समज पसरला. प्रत्यक्षात बुरशी त्यावरील मळ, मीठ व शिवणीतील ओल यांवर वाढते, आणि तंतू शाबूत राहिला तरी काळे डाग कायमचे पडतात. शिडाचे पॉलिएस्टर कापड राळेच्या थराने घट्ट केलेले असते. धागे एकमेकांवर सरकू नयेत व शिडाचा बाक टिकावा, हे त्या थराचे काम. तीक्ष्ण घडी पडली, की तेथे राळ तडकते आणि कापड कागदासारखे मऊ पडते. बोचक्यासारखे कोंबलेले नवे शीड लवकर जुने दिसू लागते ते यामुळेच. फडफडण्यानेही हीच हानी होते. शीड वाळविण्यासाठी वाऱ्यात फडफडत ठेवण्याची सवय म्हणून अहितकारक समजतात.

शर्यतीच्या शिडांमध्ये १९७० नंतर पातळ प्लॅस्टिक पटल व त्यात चिकटविलेले केव्हलार, पुढे कार्बन इ. तंतू आले. हे तंतू ताणास अत्यंत बळकट असले, तरी वारंवार एकाच जागी दुमडल्यास तुटत जातात; केव्हलार तर उन्हानेही लवकर दुर्बल होते. अशी शिडे घडी न घालता लांबट पिशवीत गुंडाळून ठेवतात. नायलॉनाची स्थिती उलट आहे. वारा मागून असताना वापरले जाणारे स्पिनेकर हे फुग्यासारखे शीड पातळ नायलॉनाचे असते. ते पिशवीत कोंबले तरी चालते. मात्र ते ओले राहू नये, कारण गडद रंग फिकट पट्ट्यांवर उतरतो. ऊन व कपडे शुभ्र करणारी क्लोरीनयुक्त द्रावणे यांनी नायलॉन खराब होते.

घडी घालण्याची रीत : पुढच्या त्रिकोणी शिडाची घडी दोघांनी घालावी, हे उत्तम. शीड स्वच्छ गवतावर किंवा डेकवर पसरतात. एक जण पुढच्या व दुसरा मागच्या कडेपाशी तळाच्या कोपऱ्यावर उभा राहतो. तळकड तशीच ठेवून दोघे वरचे कापड एकाच वेळी आपल्याकडे ओढतात व साडीच्या निऱ्यांप्रमाणे एकदा पुढे, एकदा मागे असे एकावर एक पदर रचतात. पदराची रुंदी पिशवीच्या मापाइतकी, साधारण हातभर असते. दोघांनी सारख्याच गतीने ओढणे महत्त्वाचे असते. एकाची घाई झाली, तर पदर तिरके पडतात. माथा वर आला म्हणजे एक लांब पट्टा तयार होतो. तो मागच्या कडेकडून पुढच्या कडेकडे सैल गुंडाळतात. त्यामुळे पुढचा कोपरा बाहेर राहतो आणि पुढच्या वेळी पिशवीचे तोंड उघडताच तो प्रथम हाती येतो. कोपऱ्यावर शिडाचे नाव लिहून ठेवण्याची पद्धत जुन्या लाकडी पट्ट्यांची आठवण करून देते.

दर वेळी घडी किंचित वेगळ्या जागी पडेल, अशी दक्षता घेतात. पारदर्शक प्लॅस्टिकाची खिडकी असल्यास तिच्यामधून घडी जाऊ देत नाहीत. लहान नौकांच्या आडव्या पट्ट्या असलेल्या शिडांची गुंडाळी माथ्यापासून, पट्ट्यांना समांतर करतात. पट्ट्या ताणून बसविलेल्या असतील, तर तो ताण आधी सैल करतात.

मुख्य शीड बहुधा बूम या तळकडेच्या काठीवरच घडी करून ठेवतात. दोर हळूहळू सोडीत एक माणूस डोलकाठीपाशी व दुसरा मागे उभा राहून मागची कड मागे ताणतो आणि पदर आळीपाळीने बूमच्या डाव्या व उजव्या बाजूस टाकतो. नंतर रुंद पट्ट्यांनी ते बांधतात. गाठ ओढताच सुटणारी असावी लागते. बंद अरुंद व फार आवळलेले असतील तर तेथेच कायमची चुणी पडते. डोलकाठीपासून बूमपर्यंत दोन्ही अंगांस ताणलेले दोर असल्यास पदर आपोआप त्यांच्यामध्ये पडतात. ही चिनी शिडाचीच कल्पना होय. यानंतर आच्छादन घालणे आवश्यक असते. उन्हातील जंबुपार किरणांमुळे प्रथम शिवणीचा दोरा व मग कापड दुर्बल होते. शिवण उसवलेले शीड बहुधा वाऱ्याला दोष देऊन दुरुस्तीस नेले जाते. आच्छादनासाठी ॲक्रिलिक तंतूंचे जाड कापड वापरतात. त्यातून हवा खेळती राहते.

स्पिनेकरची पिशवी भरताना एक कड माथ्यापासून खालपर्यंत हाताने तपासतात, मग दुसरी. पीळ राहिलेला नाही अशी खात्री झाल्यावर मधले कापड कसेही कोंबतात, पण तिन्ही कोपरे पिशवीच्या तोंडाशी वेगवेगळे ठेवतात. येथे घडीला महत्त्व नाही. कडा न पिळलेल्या असणे महत्त्वाचे असते.

पुढच्या तारदोराभोवती शीड गुंडाळण्याचे यंत्र विसाव्या शतकात प्रचारात आले व आता बहुतेक सहलीच्या नौकांवर असते. दोर ओढताच शीड स्वतःभोवती गुंडाळले जाते. उतरविणे, घडी, पिशवी हे सारे टळते. अल्प मनुष्यबळावर चालणाऱ्या नौकांना हा मोठाच लाभ आहे. परंतु या सोयीपायी शीड महिनोन्महिने उघड्यावर राहते. म्हणून त्याची मागची कड व तळकड यांवर, म्हणजे गुंडाळल्यावर बाहेर राहणाऱ्या भागावर संरक्षक कापडाची पट्टी शिवतात. गुंडाळी सैल असेल, तर वादळी वाऱ्यात तिच्यात हवा शिरून नांगरलेल्या नौकेवरही शीड उघडते, चिंध्या होईपर्यंत फडफडते आणि प्रसंगी डोलकाठीही मोडते. चक्रीवादळाची सूचना मिळताच असे शीड उतरवून आत ठेवावे, हे श्रेयस्कर.

हंगामानंतरची साठवण : मुंबई परिसरातील हौशी शिडनौकांचा हंगाम पावसाळ्यापूर्वी संपतो. रॉयल बॉम्बे यॉट क्लब ही येथील जुनी संस्था १८४६ मध्ये स्थापन झाली. थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी जी निरवानिरव करतात ती येथे जूनपूर्वी करावी लागते. फरक एवढाच, की येथे मुख्य शत्रू गारठा नसून दमट हवा असते. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. मीठ हवेतील ओलावा शोषून घेते. न धुतलेले शीड म्हणूनच अशा हवेत कधीही पूर्ण वाळत नाही. शिवाय मिठाचे स्फटिक धाग्यांना घासतात. शीड गोड्या पाण्याने भिजवून, गरज पडल्यास सौम्य साबणाने मऊ ब्रशने पुसून सावलीत वाळवितात. धुलाईयंत्र व इस्तरी वर्ज्य आहेत. कडेचा दोर व कोपऱ्यांवरील अनेकपदरी मजबुती कापडापेक्षा उशिरा वाळते, म्हणून तेथे हात लावून पाहतात. त्याच वेळी शिवणी, कड्या व पट्ट्यांचे खिसे तपासून दुरुस्तीच्या जागांवर खूण करतात. नंतर शीड सैल गुंडाळून, हवा खेळेल अशा कापडी पिशवीत घालून जमिनीपासून उंच ठेवतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत उरलेली ओल कोंडली जाते. वर जड सामान ठेवू नये व अधूनमधून पिशवी उघडून उंदीर-झुरळांचा उपद्रव नाही ना, हे पाहावे लागते.

ऐतिहासिक शिडांबाबत हेच नियम अधिक काटेकोरपणे पाळावे लागतात. १८०५ च्या ट्रफॅल्गरच्या लढाईत 'व्हिक्टरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर असलेले पुढच्या डोलकाठीचे वरचे शीड पुढे दीर्घकाळ विस्मरणात गेले होते. १९६० मध्ये ते पोर्टस्मथ येथील नौदलाच्या व्यायामशाळेत आढळले. लिननच्या या शिडावर तोफा-बंदुकांच्या गोळ्यांची सु. ९० छिद्रे आहेत.